थंड किनाऱ्यावरची रेड वाइन पुण्याच्या उन्हाळ्यात कशी प्यावी

समुद्रकिनारा म्हटलं की आपल्याला अलिबाग-मुरुड आठवतं: घाम, चिकचिक आणि शहाळं. त्यामुळे दुकानदार एखादी रेड वाइन पुढे करून ‘ही किनाऱ्यावरची आहे, थंड हवेतली’ म्हणाला की पुणेकर आधी त्याच्या तोंडाकडे बघतो. पण तो खोटं बोलत नसतो. कॅलिफोर्नियाचा सोनोमा किनारा, चिलीचं कासाब्लांका खोरं, दक्षिण आफ्रिकेतला वॉकर बे या तिन्ही ठिकाणी समुद्राचं पाणी गार असतं, म्हणून हवाही. चिलीच्या किनाऱ्याने हम्बोल्ट नावाचा थंड प्रवाह वाहतो, आफ्रिकेच्या बाजूला बेंग्वेला. वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो, खालचं गार पाणी वर येतं. सोनोमात तर ऐन उन्हाळ्यात सकाळी द्राक्षमळ्यांवर धुकं बसलेलं असतं.

आपल्याकडे नारायणगाव-जुन्नर भागात द्राक्षवेलींची एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठी) आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात घड झपाट्यानं गोड होतात. सोनोमात छाटणी एकदाच, हिवाळ्यात, आणि फळ सप्टेंबरपर्यंत रेंगाळत पिकतं. साखर हळू चढते, आंबटपणा टिकतो. अशा हवेत जी जात सगळ्यांत खुलते ती पिनो न्वार. हिची साल पातळ, म्हणून रंग फिका आणि तुरटपणा कमी. मी पहिल्यांदा घरी हिची बाटली उघडली तेव्हा मामांनी ग्लास उजेडात धरून विचारलं, “अरे, हिच्यात पाणी घातलंस की काय?” रंग साधारण कोकम सरबतासारखा होता. तो तसाच असतो, घाबरू नका.

बाटली निवडताना

लेबलवर नुसतं ‘कॅलिफोर्निया’ असेल तर द्राक्षं आतल्या तापलेल्या खोऱ्यातलीही असू शकतात. जागेचं नेमकं नाव शोधा. ‘सोनोमा कोस्ट’ हे नाव १९८७ पासून अधिकृत आहे, पण त्याची हद्द इतकी ऐसपैस आखली गेली की समुद्रापासून बऱ्याच आतले मळेही तिच्यात आले. शेवटी अगदी किनाऱ्यालगतच्या मळ्यांसाठी २०२२ मध्ये ‘वेस्ट सोनोमा कोस्ट’ असं वेगळं नाव मंजूर झालं. चिलीच्या बाटलीवर कासाब्लांका किंवा लेयडा बघा. कासाब्लांकात पाब्लो मोरांदे यांनी १९८२ मध्ये वेली लावल्या, त्याआधी तिथे वाइनची द्राक्षं कोणी फारशी मनावर घेतली नव्हती. आफ्रिकेची असेल तर हेमेल-एन-आर्डे, म्हणजे वॉकर बेजवळचं खोरं.

मग मद्यार्काचा आकडा वाचा. साडेबारा ते साडेतेरा टक्के असेल तर बहुधा थंड हवेचा माल. साडेचौदा दिसलं तर द्राक्षं जास्त पिकलेली. आणि बाटली काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असेल तर ती कितीही भारी असो, घेऊ नका. बूच वर आलेलं किंवा मानेपाशी चिकट ओघळ दिसला तर ती उन्हात शिजली असं समजा. आयात शुल्क धरून एवढे पैसे मोजायचे आणि शिजलेला रस आणायचा, हा व्यवहार पुणेकराला शोभत नाही.

गार करताना

सगळा खेळ इथेच आहे. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हे वाक्य युरोपातल्या जुन्या, गारठलेल्या दगडी घरांतून आलं. तिथली खोली सोळा-अठरा अंशांची. सदाशिव पेठेतली एप्रिलमधली खोली बत्तीसची. मी ते वाक्य प्रमाण मानून पहिली बाटली टेबलावरूनच ओतली होती, आणि नाकाला फक्त स्पिरिट लागलं. फळाचा वास कुठे पत्ताच नव्हता. मामांची शंका निदान रंगापुरती होती, चवीबद्दल ते सौजन्यानं गप्प बसले.

हिला तेरा ते पंधरा अंश हवेत. उन्हाळ्यात बाटली फ्रीजमध्ये दोन तास ठेवा. विसरलात आणि पाहुणे दारात आले, तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घालू नका, खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली हळू गार होते. डिसेंबरच्या रात्री फ्रीजमध्ये पाऊण तास पुरे. थर्मामीटर नसेल तर हाताचा अंदाज: माठातल्या पाण्याहून जरा जास्त गार, फ्रीजच्या पाण्याइतकी मात्र नको. जास्त गारठली तर वास मिटतो आणि नुसता आंबटपणा जिभेवर येतो. तसं झालं तर ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसा, पाच-दहा मिनिटांत ती बोलायला लागते.

ओतताना

स्टीलचा पेला नको. फुगीर पोटाचा, तोंडाशी निमुळता काचेचा ग्लास घ्या आणि एक तृतीयांशच भरा, म्हणजे वासाला जागा राहते. ग्लासला भांड्यांच्या साबणाचा वास येत असेल तर कडक पाण्यानं पुन्हा विसळा. ७५० मिलीच्या बाटलीत असे पाच ग्लास होतात. घेणारा एकवीस पूर्ण केलेला हवा, आणि ज्याला नंतर स्कूटर काढायची आहे त्याच्या हाती सरबत द्या.

जेवणाबरोबर

तांबड्या रश्श्याबरोबर ही उघडली तर दोघांचाही अपमान. तिखटानं मद्यार्क जिभेला चटका देतो आणि एवढी नाजूक चव वाहून जाते. दुसरा शत्रू आपल्या जवळचा आहे: गूळ. जेवणात गोड आलं की कोरडी (म्हणजे साखर न उरलेली) वाइन एकदम आंबट आणि पातळ लागते, म्हणून आमटीतला खडा त्या दिवशी लहान करा. आईला हे सांगायची जबाबदारी तुमची.

जमतं ते गोड्या मसाल्याशी. पिनोच्या वासात लाल फळांमागे ओल्या पानांचा, पावसानंतरच्या रानाचा वास असतो, आणि आपल्या मसाल्यातलं दगडफूल नेमकं त्याच घराण्यातलं. कमी तिखटाची भरली वांगी, मसालेभात (वर साजूक तूप, हवंच), तुपावर परतलेली अळंबी, मिरपुडीचं सुकं चिकन. तुरटपणा कमी असल्यामुळे रव्यात तळलेल्या सुरमईबरोबरही चालते, जे जाडजूड रेड वाइनला सहसा जमत नाही. श्रीखंडाच्या वाटीआधी ग्लास संपवा.

उरली तर

बूच लावून लगेच फ्रीजमध्ये, उभी. लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर हवा कमी लागते आणि ती आणखी टिकते. दुसऱ्या दिवशी बरी असते, कधीकधी जास्तच बरी. तिसऱ्या दिवशी वास घेऊन बघा. सफरचंदाच्या सालीसारखा शिळा वास आला तर मटण शिजवताना त्यात घाला. मामांना मात्र सांगू नका.