परसातल्या दहा कोंबड्या आणि मरतूक

दहा कोंबड्या नि एक कोंबडा सांभाळायला रोज अर्धा तास पुरतो. असा कळप संपतो तो बहुधा दोनच कारणांनी. एक तर मानमोडी येते, नाहीतर पिल्लं महिन्याची व्हायच्या आत घार, कावळा, मुंगूस उचलून नेतात. बाकीच्या कटकटी डोकं खातात, पण त्यांनी खुराडं रिकामं होत नाही. म्हणून आधी मानमोडी.

मानमोडी म्हणजे राणीखेत. कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसते, हिरवट-पांढरं पातळ हगते, चोच उघडून घरघरते, पंख लोंबतात. त्यातूनही जी वाचते तिची मान पिळवटते. रोग विषाणूचा, त्यामुळे आलेल्या मानमोडीवर औषध नाही. पाण्यात लाल-पिवळी पावडर मिसळून देणं म्हणजे पैसे पाण्यात. उपाय फक्त लस. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा ही लस, एका डोळ्यात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. आठ आठवडे भरले की आर-टू-बी ही दुसरी लस, पंखाखालच्या कातडीत अर्धा मिली. आर-टू-बी जहाल आहे. लहान पिल्लाला किंवा आधी लासोटा न मिळालेल्याला दिली तर तिच्यामुळेच पाय लुळे पडू शकतात.

खरी अडचण वेगळीच असते. आर-टू-बीची कुपी साधारण शंभर मात्रांची येते नि घरात कोंबड्या दहा. त्यामुळे ‘बघू पुढच्या महिन्यात’ होतं. वाडीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा, उन्हाळ्याच्या तोंडावरचा. आठ दिवस आधी सगळ्यांनी जंताचं औषध द्यावं, कारण जंतांनी पोखरलेल्या कोंबडीत लस नीट लागत नाही. लस दुकानातून बर्फाच्या थर्मासमध्येच आणायची. खिशात घालून एसटीने आणलेली कुपी टोचली काय नि न टोचली काय, सारखंच. 50 मिली सलाइनही आधी गार करून ठेवावं. पहाटे खुराड्याचं दार उघडण्यापूर्वी सुरुवात केली की धरपकड होत नाही. कुपी सलाइनमध्ये विरघळवल्यापासून दोन तासांत सगळी घरं उरकायची, तोवर ती बर्फावर आणि सावलीत. उरलेली लस उद्यासाठी ठेवायची नाही. आजारी कोंबडीला टोचू नये.

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवावी, पाण्याचं भांडंही वेगळं. पडत्या भावाने विकायला आलेली कोंबडी का विकली जातेय, हा प्रश्न स्वतःला विचारावा. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा बांधापलीकडे फेकली की रोग कुत्र्या-कावळ्यांबरोबर परत येतो. तीन फूट खड्डा, वर चुना, मग माती. एक-दोन दिवसांत पटापट मरायला लागल्या, तुरे निळे-काळे पडले, तर तो बर्ड फ्लू असू शकतो; उघड्या हाताने शिवू नये, कापून खाऊ नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावं. 2006 साली देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबारच्या नवापुरात सापडला होता. आपल्याकडे हे नवं नाही.

आता पिल्लं. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. जास्त घातली तर कडेची थंड पडतात. अंडी आठवड्याच्या आतली हवीत, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांचीच. साठवताना ओल्या वाळूवर मडकं ठेवून त्यात निमुळतं टोक खाली करून ठेवावीत. सातव्या रात्री अंधारात मोबाइलची बॅटरी लावून बघावं: कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं भरलंय, नुसता पिवळसर उजेड दिसला तर ते काढून घ्यावं. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. पहिले तीन-चार आठवडे आई-पिल्लं डालग्याखाली, म्हणजे उपड्या टोपलीखाली. डालगं रोज जागा बदलून ठेवावं, नाहीतर त्याच हगलेल्या जमिनीत चोची मारून रक्ती हगवण लागते. बारीक कणी, भरडलेली ज्वारी हे पिल्लांचं पोट भरतं, पण अंग धरायला प्रथिनं लागतात. फुकटचा उपाय वाळवीचा. मडक्यात जुनं गोणपाट, काडीकचरा नि शेण ओलं करून भरायचं आणि संध्याकाळी वारुळाजवळ उपडं ठेवायचं. सकाळी उचललं की आत वळवळती वाळवी. ती पिल्लांपुढे झटकावी. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड मात्र पिल्लांना कधीच देऊ नये, त्यातलं विष यकृत खातं.

खुराड्याबाबत एकच चूक सगळीकडे दिसते: षटकोनी कोंबडीजाळी. ती कोंबडीला आत ठेवते, साप-घुशीला बाहेर नाही. अर्ध्या इंची वेल्डमेश (तारा जोडून केलेली चौकोनी जाळी) लावावी नि ती फूटभर जमिनीत गाडावी. दहा कोंबड्यांना रात्रीपुरतं पाच बाय चार फूट पुरतं, बसायला चार फुटी दोन दांड्या. मुंगूस दिवसा येतं, त्यामुळे भर दुपारी कोंबड्यांचा कलकलाट झाला तर बाहेर जाऊन बघावं. रानमांजर, कुत्रं यांची वेळ रात्रीची. म्हणून दिवेलागणीला मोजून दार लावायचं, कडी अशी की पंजाने उचलता येणार नाही.

लाल गोचिडीचं लक्षण म्हणजे खुराड्यात शिरायला कुरकुरणाऱ्या कोंबड्या नि फिकट तुरे. बारीक लाल गोचीड दिवसा लाकडाच्या भेगांत दडते आणि रात्री रक्त पिते, म्हणून दिवसा कोंबडी चाळून काही सापडत नाही. अंधार पडल्यावर पांढरं फडकं दांडीच्या खालच्या बाजूने फिरवावं. रक्ताचे डाग उमटले तर खात्री. कोंबड्या बाहेर काढून भेगांत उकळतं पाणी ओतावं, वाळल्यावर चुना मारावा. अंड्यांतून नवी पिढी निघते, म्हणून आठ दिवसांनी पुन्हा तेच. परसात राख नि बारीक मातीचा फूटभर खोल खड्डा करून ठेवला की त्यात लोळून निम्मं काम कोंबड्याच करतात.

अंडी कमी झाली की आधी खाद्याला दोष देऊ नये. पिसं झडत असतील तर दोनेक महिने अंडी थांबतातच. थंडीत दिवस लहान झाल्यानेही घटतात. कवच पातळ येत असेल तर शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, लागेल तेवढा त्या खातात. बऱ्याचदा मात्र कोंबडी अंडं घालत असते, फक्त कडब्याच्या गंजीत किंवा निवडुंगाच्या कुंपणात. तीन-चार दिवस सगळ्यांना सकाळी अकरापर्यंत कोंडून ठेवावं. बहुतेक अंडी तोवर खुराड्यातच पडतात आणि जागेची सवय लागते.

आणि खुडूक मोडायची असेल तर नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुडवणं हा नुसता छळ. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दाणा-पाणी देऊन तीन-चार दिवस ठेवावं. पोट गार पडलं की ती आपसूक उठते.