पोफळीची गळ कशी थांबली (माझा अनुभव)
गुहागरला आमचं छोटं आगर आहे, पन्नासेक पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं. गेले दोन पावसाळे आषाढ लागला की हिरवी सुपारी नुसती गळायची, सकाळी बघावं तर झाडाखाली सडा. हातात घेतली की टोपीखाली काळपट हिरवा ओलसर डाग, दोन दिवसांनी वर पांढरी बुरशी. कोळेरोगच, म्हणजे पावसाळ्यात सुपारी कुजून गळायचा रोग. बोर्डो (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांचं बुरशीनाशक मिश्रण) मारला होता तरी गळ, म्हणून जास्त जीव तुटायचा.

चूक मिश्रणातच होती. चुना वर्षभर पिशवीत पडलेला आणि मिश्रण मी आदल्या रात्रीच करून ठेवायचो. यंदा ताजा कळीचा चुना आणून विरवला, १ किलो चुना ५० लिटर पाण्यात, १ किलो मोरचूद वेगळ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या ड्रमात, लोखंडी भांडं अजिबात नको. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतायचं, दुसऱ्याने काठीने ढवळत राहायचं, छान आकाशी रंग येतो. त्यात घासलेली सुरी मिनिटभर बुडवायची, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. मला दोनदा चुना वाढवावा लागला, तेव्हा कुठे पातं स्वच्छ निघालं. आणि केलेलं त्याच दिवशी संपवायचं.

पहिली फवारणी मृगाआधी, दुसरी ४०-४५ दिवसांनी उघडीप बघून. घोस नीट भिजले पाहिजेत, चढणाऱ्या गड्याला हे आवर्जून सांगा.

परवा आई टोपली घेऊन आगरात गेली, गळलेल्या सात-आठच सुपाऱ्या मिळाल्या.