रक्त वाढवताय? या चुका टाळा

खानापूरकडं कुणाचं 'रक्त कमी झालंय' कळलं की घरातून पहिली चिठ्ठी जाते ती खाटकाकडं. नळी आणा. हाडातला मगज खाल्ला की आपल्या हाडात मगज भरतो, असा साधा हिशेब. नळीचा रस्सा झकास लागतो, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण तो पोटात पचतो, तिथून हाडात शिरायची वाट नाही.

मोठ्या माणसात रक्त बनतं ते कमरेच्या हाडांत, छातीच्या मधल्या हाडात, मणक्यांत आणि बरगड्यांत. तिथल्या मगजातल्या, म्हणजे मज्जेतल्या, मूळ पेशी ज्वारीच्या बियाण्यासारख्या. काही पुढच्या हंगामाला राखून ठेवायच्या, बाकीच्या पेरायच्या. त्यातूनच तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट. सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी बाहेर पडतात आणि साधारण 120 दिवस टिकतात. कारखाना थांबत नाही, माल कमी पडतो.

हा माल म्हणजे लोह, बी-12, फॉलिक ॲसिड. इथंच सगळ्यात मोठी चूक होते. आज्जी लोहाच्या गोळ्या पंधरा दिवस घेते, तरतरी आली की पुडी कपाटात. किंवा शौच काळी झाली म्हणून घाबरून बंद करते. काळी होणारच, ते लोहाचंच. हिमोग्लोबिन वर यायला आठवडे लागतात, आणि आल्यावरही शरीराची कोठी भरायला साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. गोळी चहाबरोबर घेऊ नका. तास-दोन तास अंतर ठेवा, लिंबूपाणी चालेल.

लोह सगळ्यांनाच मात्र नको. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या रुग्णात ते साठत जातं. बी-12 कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिनचा आकडा सुधारतो, पण आतल्या आत नसा खराब होत राहतात. किडनी बिघडली तर मज्जेला 'पेशी बनव' हा हुकूम देणारं संप्रेरकच कमी पडतं. तिथं बीट, गूळ, खजूर काय करणार?

आणखी एक गोंधळ शब्दांचा. अस्थिमज्जा म्हणजे हाडातला मगज. मणक्यातून जाणारी नसांची दोरी, म्हणजे मज्जारज्जू, तो नव्हे. मज्जेच्या तपासणीची सुई बहुधा कमरेच्या हाडात मागून घालतात, मणक्यात नाही. 'लकवा होईल' म्हणून तपासणी टाळणारे पाहुणे मी पाहिलेत. मूळ पेशींचं दान तर आता बहुतेक वेळा हातातल्या शिरेतूनच घेतात. त्यासाठी रक्तगट नव्हे, एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, जुळाव्या लागतात.

शिवजयंतीच्या शिबिरात रक्त दिलं की पुढच्या महिन्यात दुसऱ्या मंडळात पुन्हा बसू नका. पुरुषांनी तीन महिने, बायकांनी चार महिने थांबायचं.

रिपोर्टमध्ये तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट तिन्ही एकदम खाली आले असतील, सोबत ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग असतील, तर नळी राहू दे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.