फिएस्टा बोल २००७: हा उलटफेर कसा पाहावा

अमेरिकन कॉलेज फुटबॉल कधीच पाहिलं नसेल, तर १ जानेवारी २००७च्या फिएस्टा बोल या सामन्यापासून सुरुवात करा, असं मी सगळ्यांना सांगतो. ग्लेनडेल, ॲरिझोना. एका बाजूला ओक्लाहोमा विद्यापीठाचा मातब्बर संघ. दुसरीकडे आयडाहोचं बॉईसी स्टेट: हंगामभर अपराजित, तरी लहान कॉन्फरन्समधलं (संघांच्या गटातलं) म्हणून कुणी मनावर न घेतलेलं.

नियम जुजबी पुरतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर बॉल समोरच्यांना. बॉल घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात शिरलं की टचडाउन, त्याचे सहा गुण. त्यावर किक मारून एक, किंवा तीन यार्डांवरून पुन्हा आत शिरून दोन.

आता थेट शेवटच्या दीड मिनिटावर या. ओक्लाहोमा २८-२८ अशी बरोबरी साधतं आणि लगेच बॉईसीचा पास फेकणारा खेळाडू झाब्रान्स्की याचा पास हिसकावून ३५-२८ पुढे जातं. बॉईसीचा चौथा प्रयत्न, गरज अठरा यार्डांची, उरलेत अठरा सेकंद. ड्रिसन जेम्स पास झेलतो, तेव्हा त्याला सोडा आणि उलट्या दिशेनं पळत येणाऱ्या जेरार्ड रॅबवर नजर ठेवा. बचावपटू जेम्सकडे धावतात, तो बॉल रॅबकडे टाकतो आणि रॅब थेट आत! सात सेकंद बाकी.

जादा वेळेत पहिल्याच चालीत ओक्लाहोमाचा ॲड्रियन पीटरसन पंचवीस यार्ड पळून टचडाउन करतो. आपल्या पाळीत बॉईसीही करतं, तेही पुन्हा चौथ्या प्रयत्नावर. एका किकनं बरोबरी झाली असती, पण बॉईसीचे प्रशिक्षक ख्रिस पीटरसन दोन गुणांसाठी जातात. माझ्या मते हाच त्या रात्रीचा सर्वांत शहाणा निर्णय. बलाढ्य संघाशी झुंज जितकी लांबते, तितकं त्याचं बळ वरचढ ठरत जातं.

ही चाल हळू गतीत पाहा. झाब्रान्स्की रिकाम्या उजव्या हातानं उजवीकडे फेकल्याचा आव आणतो. तुम्ही डावा हात बघा: पाठीमागे बॉल, तो बॉईसीचाच इयान जॉन्सन उचलतो आणि डावीकडून मोकळा आत जातो. ४३-४२.

मग तिसऱ्या क्वार्टरला (सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या भागाला) परत जा. बॉईसीच्या मार्टी टॅडमननं ओक्लाहोमाचा पास पकडून टचडाउन केलं आणि २८-१० झाले, ती चाल नीट पाहा. सगळे शेवटच्या युक्त्यांबद्दल बोलतात. पण ही अठरा गुणांची आघाडी नसती, तर त्या युक्त्या वापरायची वेळच आली नसती.