कॉलेजचा बास्केटबॉल संघ बांधताना या चुका टाळा

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत साइडलाइनला उभं राहिलं की दर दोन मिनिटांनी एकच आरोळी ऐकू येते: "अरे, पास दे की!" उदगीर असो, वसमत असो की अंबाजोगाई, ओरडणारे सर वेगळे, वाक्य तेच. कधीकधी कोर्टातून उत्तरही येतं: "कुणाला देऊ सर, समदे इथंच हायेत!" माझ्या मते दहातल्या आठ वेळा ते पोरगं बरोबर असतं.

पास न देणं म्हणजे स्वार्थीपणा, असं आपण धरून चालतो. मग टाइम आउटमध्ये संघभावनेवर भाषण होतं आणि पुढच्या चालीत पुन्हा तेच. सामन्यात दिसणारा बिघाड आणि त्याचं कारण सहसा एका जागी नसतात. कारण शोधायचं तर संध्याकाळच्या सरावात जाऊन पाहावं लागतं.

पास देत नाहीत, कारण जागा नाही

कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. चेंडू एकाच्या हातात आला की उरलेले चौघे मदत म्हणून त्याच्याकडे धावतात आणि येताना आपापला डिफेंडरही घेऊन येतात. आता एका डिफेंडरला जागेवरून न हलता दोघांना अडवता येतं. ड्रिबल करणाऱ्याला आत घुसायला वाट नाही, पास द्यायला मोकळा हात नाही. तो चेंडू आपटत राहतो आणि शेवटी अवघड शॉट मारतो. बाहेरून मात्र दिसतं की हा एकटाच खेळतोय.

यावर नवीन प्ले (ठरवून बसवलेली चाल) शिकवणं ही दुसरी चूक. मोबाइलवर अमेरिकन कॉलेज संघाचा पाच-सहा पासेसचा सुंदर प्ले बघायचा आणि सोमवारी पोरांना फळ्यावर बाण काढून दाखवायचा, हा उद्योग मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय. तिथल्या पुरुषांच्या कॉलेज सामन्यात २० मिनिटांचे दोन हाफ असतात आणि शॉट क्लॉक (शॉट मारायची मुदत) ३० सेकंदांचा. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १० मिनिटांचे चार क्वार्टर आणि शॉटसाठी २४ सेकंद. त्यातले ८ सेकंदांपर्यंत तर चेंडू अर्ध्या कोर्टाच्या पुढे न्यायलाच जातात. उरलेल्या वेळात तो लांबलचक प्ले बसत नाही. तिसऱ्या पासला कोणीतरी चुकतं आणि मग सगळे पुन्हा चेंडूकडे धावतात.

त्यापेक्षा खडू घ्या. तीन पॉइंटच्या रेषेच्या (रिंगपासून ६.७५ मीटर) जरा बाहेर पाच खुणा करा: एक वर मधोमध, दोन बाजूंना, दोन कोपऱ्यांत. नियम तीनच सांगा. पास दिला की उभं राहायचं नाही, रिंगकडे कट मारायचा. परत चेंडू नाही मिळाला तर मोकळ्या कोपऱ्यात निघून जायचं. आणि रिकामी झालेली खूण शेजारच्याने भरायची. पहिला आठवडा हे ड्रिबल न करता खेळवा. पोरं कंटाळतील, "सर, मॅच लावा ना" म्हणतील. लावा, पण बिनड्रिबलची. ड्रिबल बंद झाला की मान वर होते आणि मोकळा माणूस दिसायला लागतो. नंतर एकेका खेळाडूला दोन ड्रिबलची मुभा द्या.

जागा बरोबर आहे का, हे ओळखायची साधी खूण: एका डिफेंडरला दोघांवर लक्ष ठेवणं जमतंय का? जमत असेल तर थांबवा, सगळ्यांना आहे तिथंच गोठवा आणि त्यांनाच विचारा की कोणी कुठं असायला हवं होतं. सरांनी उत्तर सांगितलं तर ते सामन्यात आठवत नाही, पोरांनी स्वतः शोधलेलं आठवतं.

कबड्डीतून आलेला, खो-खोतून आलेला

आपल्याकडचा कॉलेज संघ बहुधा सरमिसळ असतो. शाळेपासून बास्केटबॉल खेळलेले दोन-तीन, बाकी कबड्डी, खो-खो किंवा व्हॉलीबॉलमधून आलेले. क्रीडा संचालकांकडे सगळेच खेळ, त्यामुळे उंच दिसला, चपळ दिसला की घेतला. यात वाईट काही नाही. चूक होते ती सगळ्यांना एकाच साच्यातला सराव देण्यात.

कबड्डीवाल्याची पायांची चाल बचावाला फार छान असते. वाकून, पाय न जुळवता आडवं सरकणं त्याला शिकवावं लागत नाही. पण त्याचा हात पकडीला जातो आणि शिट्टी वाजते. पाच वैयक्तिक फाऊल झाले की तो बाहेर. शिवाय एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे शॉट). अशा खेळाडूला दोन्ही हातांत टेनिसचा एकेक चेंडू धरून बचाव करायला लावा. मूठ बंद, पकड बंद, कामाला फक्त पाय. खो-खोवाला फास्ट ब्रेकला (चेंडू मिळताच वेगाने केलेल्या चढाईला) सगळ्यांच्या पुढे असतो, पण चेंडू हातात घेऊन पावलं मोजायचं विसरतो. त्याला वेगात चेंडू झेलणं आणि दोन पावलांत ले-अप (रिंगजवळ उडी घेऊन मारलेला शॉट), एवढं एकच रोज द्या. व्हॉलीबॉलवाला उडी उत्तम मारतो आणि तरी रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर परत आलेला चेंडू) गमावतो. कारण तो चेंडूकडे बघत सरळ वर जातो, समोरच्याला पाठीवर घेऊन बॉक्स आउट करत नाही. शॉट सुटल्यावर आधी माणूस शोधायचा, मग चेंडू.

झोन म्हणजे विश्रांती नव्हे

बचाव शिकवायला वेळ नाही, म्हणून २-३ झोन (पुढे दोघे, मागे तिघे, प्रत्येकाने आपापली जागा राखायची) लावणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा उपाय. झोनमध्ये दम नाही असं नाही. कोच जिम बोहाइम यांच्या अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाने वर्षानुवर्षं हाच बचाव खेळवला आणि २००३ ची एनसीएए (अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय) स्पर्धा जिंकली. पण तिथं त्या बचावासाठी लांब हातांचे, चपळ खेळाडू वेचून घेतले जायचे आणि प्रत्येक पासवर पाचही जण जागा बदलायचे. आपल्याकडे झोन म्हणजे हात वर करून आपापल्या फरशीवर उभं राहणं.

मग तीन गोष्टी हमखास होतात. फ्री थ्रो लाइनच्या मधोमध एक खेळाडू येऊन उभा राहतो आणि त्याला कोणीच घेत नाही, कारण पुढच्या दोघांना तो मागच्यांचा वाटतो आणि मागच्यांना पुढच्यांचा. कोपऱ्यातून तीन पॉइंटचा शॉट मोकळा मिळतो. रिबाउंडला कोणाच्या वाट्याला कोणता माणूस हे ठरलेलं नसल्याने बॉक्स आउट होत नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: आधी मॅन टू मॅन (प्रत्येकाने एकेक माणूस अडवणं) शिकवा, झोन नंतर. माणूस अडवता येणाऱ्या पोराला झोन महिनाभरात जमतो. झोनमध्येच वाढलेल्याला मात्र विद्यापीठाच्या संघात गेल्यावर एकट्याने माणूस अडवायची वेळ आली की घाम फुटतो. झोन लावायचाच असेल तर एकच अट घाला: चेंडू हवेत असताना पाचही जण हलले पाहिजेत. पास पोचल्यावर हलणारा उशीरच करतो. आणि बोला! मुका झोन पाच मिनिटंही टिकत नाही. आपली पोरं गावाकडच्या शेतातून अर्ध्या कोसावरच्या माणसाला हाळी देतात, पण कोर्टावर उतरली की लाजतात.

निवडीसाठी खेळणारा खेळाडू

याबद्दल उघडपणे कोणी बोलत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात काय आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे सांभाळणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात काय, निवड समितीच्या टेबलाकडे बघून खेळणारा एकतरी पोरगा प्रत्येक संघात असतोच. पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, राज्यातली अश्वमेध, त्यांची प्रमाणपत्रं आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. घरी दोन एकर कोरडवाहू असलेल्या पोराने हा हिशोब करू नये असं म्हणणं मला पटत नाही. सामन्यागणिक कोणती कामगिरी कुठल्या प्रमाणपत्राला धरली जाते, याची त्याला आपल्यापेक्षा नीट माहिती असते.

म्हणून त्याला स्वार्थी म्हणून हिणवू नका; हिशोबाची वही बदला. कॉलेजमध्ये नोटीस बोर्डावर फक्त पॉइंट लागतात, तिथं असिस्ट (ज्यावर बास्केट झाली तो पास), रिबाउंड, चेंडू हिसकावणं आणि चेंडू गमावणं हेही लावा. राखीव बाकावरच्या पोराला पेन देऊन बसवलं की हे काम होतं आणि त्याचंही सामन्यात लक्ष राहतं. अमेरिकन कोच डीन स्मिथ यांच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघात बास्केट करणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायची प्रथा होती. बिनखर्चाची आणि लगेच उचलता येण्यासारखी. निवड समितीवर बसणाऱ्यांनीही एक करावं: सर्वाधिक पॉइंटवाले बारा जण उचलू नयेत. प्रत्येक जण आपापल्या कॉलेजचा हिरो असलेल्या संघात स्क्रीन लावणार (साथीदारासाठी डिफेंडरची वाट अडवून उभं राहणार) कोण?

टाइम आउट फुकट घालवणं

आंतरराष्ट्रीय नियमांत पहिल्या हाफला दोन आणि दुसऱ्या हाफला तीन टाइम आउट मिळतात. पहिल्याचे उरलेले पुढे जात नाहीत. तो मागायचा हक्क कोच किंवा पहिल्या सहायक कोचला, तोही स्कोअरच्या टेबलाकडे. कॅप्टन मैदानातून हातांनी टी करून दाखवत राहतो, पंच ढुंकून बघत नाहीत, आणि मग "पंच विकलेत" असा गलका. समोरच्याने बास्केट केल्यावर आपल्याला टाइम आउट मिळतो, हे ध्यानात ठेवून विनंती आधीच देऊन ठेवा.

चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच टाइम आउट घेता येतात, पण त्यातला एक सोन्याच्या भावाचा असतो. आपला चेंडू मागच्या अर्ध्या भागात असताना टाइम आउट घेतला, तर कोचला थ्रो-इन (बाहेरून चेंडू आत टाकणं) पुढच्या भागातून, म्हणजे आपण शॉट मारतो त्या रिंगच्या बाजूने, घ्यायचा पर्याय मिळतो. समोरच्याच्या बास्केटनंतर असं केलं तर शॉटला १४ सेकंद मिळतात, मागून सुरुवात केली तर २४. दोन पॉइंटने मागे आणि आठ सेकंद शिल्लक, तर पुढूनच घ्या. आणि मिनिटभरात पाच गोष्टी सांगू नका. पहिले पंधरा सेकंद पाणी पिऊ द्या, मग एकच गोष्ट सांगा, आणि ती एका पोराकडून परत म्हणवून घ्या.

किरकोळ वाटणाऱ्या चुका

फ्री थ्रो सरावाच्या सुरुवातीला, ताजेतवाने असताना मारून घेतात. सामन्यात ते धापा टाकत मारायचे असतात. प्रत्येक धावण्याच्या ड्रिलनंतर दोन-दोन मारायला लावा.

प्रेस (समोरच्याने पुढे येऊन दाबून केलेला बचाव) आला की बॉल हँडलर साइडलाइनकडे पळतो आणि कोपऱ्यात दोघांच्या तावडीत सापडतो. मधोमध एक खेळाडू ठेवायचा आणि पहिला पास त्याला.

पाच जणांना चाळीस मिनिटं खेळवू नका. सिमेंटच्या कोर्टावर, ऑक्टोबरच्या उन्हात, सकाळी एक आणि दुपारी दुसरा सामना असताना चौथ्या क्वार्टरला पायच उरत नाहीत. सातवा-आठवा खेळाडू दुसऱ्या क्वार्टरलाच उतरवा, सामना हातातून गेल्यावर नको.

सगळे येतील तेव्हा सराव

ही सवय सगळ्यात महागात पडते. कोणाचं प्रॅक्टिकल, कोणाची शिकवणी, कोणाला सोयाबीन काढायला गावी जायचं, आणि मुलींना साडेपाचची एसटी. दहा जण जमतील म्हणून वाट बघण्यात अर्धा तास जातो, मग राहिलेल्या वेळात रिंगवर नुसते शॉट. यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाला १२ हंगामांत १० विजेतेपदं मिळवून देणारे जॉन वुडन सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा छोट्या कार्डांवर लिहून खिशात ठेवायचे. आपल्याला तीन कार्डं लागतील: दहा जणांचं, सहा जणांचं आणि चौघांचं.

सहा असतील तर अर्ध्या कोर्टावर तीन विरुद्ध तीन. हा आता टोकियोपासून ऑलिंपिकमधला स्वतंत्र खेळ आहे आणि त्यात शॉटला १२ सेकंदच मिळतात, त्यामुळे कट, स्क्रीन आणि मदतीचा बचाव यांचा भरपूर सराव होतो. लपायला जागा नसते. चौघीच आल्या तर दोन विरुद्ध दोन, नुसता पिक अँड रोल (स्क्रीन लावून लगेच रिंगकडे वळणं): वीस मिनिटं एका बाजूने, वीस मिनिटं दुसऱ्या बाजूने. घड्याळ नसेल तर मोबाइल लावा आणि शेवटचे पाच सेकंद मोठ्याने मोजा. ठरलेल्या वेळी शिट्टी वाजवा, जितके असतील तितक्यांवर. कोण का आलं नाही, ते फोनवर रात्री विचारता येतं.