दोन ग्राफिक्स कार्डांसाठी पॉवर सप्लाय निवडताना

आधी बेरीज करा. 350 वॅटची दोन कार्डं म्हणजे 700, प्रोसेसर 150, बाकी बोर्ड, पंखे, डिस्क मिळून 75, झाले 925. यावर साधारण 30 टक्के मोकळीक ठेवा, म्हणजे 1200 वॅटचा सप्लाय. ही मोकळीक चैन नाही. कार्ड क्षणभर आपल्या नेहमीच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट वीज ओढतं, आणि दोन्ही कार्डांनी एकदमच झटका दिला तर सप्लायचं संरक्षण चालू होऊन मशीन ऐन कामात बंद पडतं. एटीएक्स (पीसीच्या पॉवर सप्लायचं मानक) 3.0 किंवा त्यापुढचा सप्लाय असे झटके झेलण्यासाठीच बनवलेला असतो.

लेबलवर एकूण वॅटपेक्षा 12 व्होल्टवर किती वॅट मिळतात तो आकडा पाहा; कार्डं त्यावरच चालतात.

खरी गफलत केबलमध्ये होते. कार्डाला वीज देणारा 8-पिन जोड 150 वॅटचा. प्रत्येक जोडाला सप्लायपासून स्वतंत्र केबल द्या. एकाच केबलची दोन टोकं एका कार्डात खुपसू नका, तार आणि प्लग तापतात. रायझरला (कार्ड बोर्डापासून दूर बसवायची जोडणी) साटा (डिस्कला वीज देणारा जोड) अडॅप्टर तर नकोच: साटा जोड 12 व्होल्टवर 54 वॅट देतो, स्लॉटमधून कार्ड 75 पर्यंत ओढू शकतं. प्लग वितळतो तो इथेच. दुसऱ्या सप्लायच्या मोड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) केबल बसल्या तरी वापरू नका, पिनांची मांडणी वेगळी असू शकते.