डिस्ने वर्ल्डमधलं महागडं जेवण : या चुका टाळा

फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये चार पार्क आहेत, दोन डझनांहून जास्त हॉटेलं आहेत आणि भारी रेस्टॉरंटं या सगळ्यांत विखुरलेली आहेत. जेवण बहुतेक ठिकाणी चांगलंच मिळतं. घोळ होतो तो बुकिंग करताना.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी नाव ठरवायचं आणि मग दिवस त्याच्याभोवती ओढूनताणून बसवायचा. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातलं 'जिको' रेस्टॉरंट उत्तम आहे, दक्षिण आफ्रिकी वाइनसाठी तर नावाजलेलंच. पण तुमचा मुक्काम 'बोर्डवॉक'ला असेल तर एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस नसते. आधी एखाद्या पार्कला जा, तिथून दुसरी बस पकडा आणि जेवण झाल्यावर हाच द्राविडी प्राणायाम उलट्या दिशेने करा, तोही झोपलेलं पोर खांद्यावर टाकून. अशा वेळी सरळ टॅक्सी करावी, नाहीतर त्या दिवशी जिथे असाल त्याच्या आसपासचं रेस्टॉरंट घ्यावं. मॅजिक किंगडम पार्कमधून 'कंटेम्पररी' हॉटेल चालत गाठता येतं, ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलला मोनोरेल जाते. एपकॉट पार्कच्या मागच्या दाराने बाहेर पडलात की 'फ्लाइंग फिश' आणि 'याट्समन स्टेकहाउस' दोन्ही पायी जाण्याच्या अंतरावर.

हॉटेलातल्या रेस्टॉरंटला पार्कचं तिकीट लागत नाही, पार्कमधल्याला लागतं. ही साधी गोष्ट विसरून लोक नेमके विश्रांतीच्या दिवशी एपकॉटमधल्या 'ल सेलिए'चं टेबल धरतात आणि मग दोन तासांच्या जेवणासाठी सगळ्यांची तिकिटं काढायची पाळी येते. माझं स्पष्ट मत असं की खर्चिक जेवण हॉटेलात करावं. पार्कमधला वेळ आधीच तिकिटाचे पैसे मोजून घेतलेला असतो, तो टेबलावर कशाला घालवायचा?

मॅजिक किंगडमच्या किल्ल्यातल्या 'सिंड्रेलाज रॉयल टेबल'चं काय? तिथे पैसे किल्ल्यात बसण्याचे आणि राजकन्या भेटण्याचे असतात. घरात परीकथांचं वेड असलेली लहान मुलगी असेल तर खुशाल जा. निव्वळ खाण्यासाठी जाणाऱ्यांचा मात्र हमखास हिरमोड होतो.

आतषबाजीचंही असंच. कंटेम्पररीच्या 15व्या मजल्यावरच्या 'कॅलिफोर्निया ग्रिल'मधून मॅजिक किंगडमची आतषबाजी दिसते, म्हणून सगळे नेमकी तीच वेळ मागतात. मग मुख्य पदार्थ पुढ्यात आला की सगळे उठून गच्चीकडे, आणि परत येईपर्यंत ताट गार. साधारण तासभर आधीची वेळ घ्या. खिडकीजवळचंच टेबल मिळेल याची खात्री कोणी देत नाही आणि आतषबाजीची वेळही बदलते, तेव्हा निघण्याआधी ती पुन्हा पाहून घ्या. जनावरं बघत जेवायचं असेल तर अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किडानी भागातलं 'सनआ' गाठा, पण उजेड असताना. अंधारात काचेपलीकडे काही दिसत नाही. ते तितकं भारी रेस्टॉरंट नाही, पण तिथे भारतीय धर्तीच्या रोट्या आणि चटण्यांचं ताट मिळतं. चार दिवस बर्गर खाल्लेल्यांना ते पक्वान्न वाटेल.

पैशांचा हिशोब मेन्यूवरच्या आकड्याने करू नका. त्यावर 6.5 टक्के कर लागतो, वर 18 ते 20 टक्के टिप. गट मोठा असेल तर टिप बिलातच लावलेली असते. बिल न वाचता वर आणखी टिप देऊन येणारे कमी नाहीत. ठरलेल्या दराच्या जेवणात 10 वर्षांचं मूल मोठ्यांत धरलं जातं, मग ते दोन घास खाऊन झोपी का जाईना. डायनिंग प्लॅन, म्हणजे डिस्नेची आगाऊ पैसे भरून जेवणं घेण्याची योजना, घेतली असेल तर 'सिग्नेचर' म्हणजे डिस्नेने वरच्या दर्जाच्या ठरवलेल्या रेस्टॉरंटला एका बैठकीची दोन जेवणं वळती होतात. बहुतेकांसाठी हा घाट्याचा सौदा आहे.

ग्रँड फ्लोरिडियनमधल्या 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स'चं प्रकरण निराळंच. 2024 मध्ये त्याला मिशेलिन या नामांकित रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. 10 वर्षांखालच्या मुलांना तिथे प्रवेश नाही, पोशाख औपचारिक लागतो आणि बुकिंग रद्द करण्याचे नियमही कडक आहेत. इतर सिग्नेचर ठिकाणी नीटनेटके कपडे पुरतात, पण पोहण्याच्या कपड्यांवर किंवा बनियनवजा टॉपवर जाऊ नका.

शाकाहारी असाल तर मेन्यूवर हिरव्या पानाची खूण शोधा. तो पदार्थ दूध, अंडी आणि मधाशिवायचा असतो. पनीर-चीज चालणाऱ्यांनी मात्र खुणेपुरतं थांबू नये, बुकिंगमध्ये तशी नोंद करावी आणि टेबलावर बसल्यावर पुन्हा विचारावं.

टेबलच मिळत नसेल तर? बुकिंग 60 दिवस आधी उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून 60 दिवस मोजून, पुढच्या 10 दिवसांपर्यंतची सगळी टेबलं एकदम धरता येतात. म्हणजे मुक्काम आठवड्याचा असेल तर अवघड टेबल शेवटच्या दिवसांसाठी मागा, कारण बाहेरच्यांना त्या तारखा अजून खुल्या झालेल्या नसतात. तरीही हुकलं तर आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी अ‍ॅप उघडून बघत राहा. बहुतेक रेस्टॉरंटांत दोन तास आधीपर्यंत बुकिंग फुकट रद्द करता येतं आणि न आल्यास माणशी 10 डॉलर कापले जातात, त्यामुळे बेत बदललेले लोक ऐनवेळी टेबल सोडतात. सहा जणांचं टेबल सापडेना, तर तीन-तीनची दोन शोधा.